दहा दिवसांची बैठक

सकाळी साडेनऊ वाजता रजनीनं हातातल्या बांगड्या काढल्या. मग कानातलं, मग केसांतले आकडे, मग नाकातली चमकी, जी कधीच एका झटक्यात निघत नाही. सगळं रुमालात बांधून तिनं टेबलाच्या खणात टाकलं, पायांत जाड सुती मोजे चढवले आणि शेडच्या मध्यभागी उभ्या असलेल्या टाकीत ती उतरली. बाहेरच्या जिन्यानं वर, वरच्या मॅनहोलातून आत, आणि आतल्या लाकडी शिडीनं तळाशी. शिडीच्या पायांना चिंध्या गुंडाळलेल्या असतात. काचेला धातू लागू द्यायचा नाही, हा मोहरील एनॅमल वर्क्सचा पहिला धडा. पस्तीस वर्षं ती हेच करत आली होती, त्यामुळे कोणी मान वर करून पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर एवढंच दिसलं असतं, की आज तिच्या काखेत गोधडी आहे.

साडेदहाला कळंब रोडवरून ट्रेलर आत वळला, मागोमाग क्रेन. साखळी अडकवण्याआधी क्रेनवाल्यानं सहज म्हणून मॅनहोलात डोकावून पाहिलं आणि तो जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम उतरला.

"अबे, आत बाई हाय! गोधडी टाकून बसली हाय!"

आत रजनीनं पाय लांब केले. दहा हजार लिटरची टाकी आतून लहानशा खोलीएवढी असते, फक्त कोपरे नसतात. चहूकडून मोराच्या मानेचा निळा रंग, वरून गोल उजेड, आणि तळाच्या तोटीच्या भोकातून पंख्याची हवा. तिला आत कधीच गुदमरल्यासारखं झालं नव्हतं. गुदमरायचं ते वर ऑफिसात, भावाच्या केबिनमध्ये.

पोलादाच्या अंगावर काच भाजून बसवायची, म्हणजे आम्ल ओता, अल्कली ओता, पोलादाला झळ लागत नाही, हा या घराचा धंदा. पण भट्टीत लालबुंद झालेलं पोलाद गुपचूप वायू पिऊन घेतं. थंड झाल्यावर तो वायू बाहेर यायला बघतो आणि वर तर काचेचं झाकण. मग चौथ्या दिवशी, सातव्या दिवशी, एखादवेळी नवव्यालाही, टिक् असा आवाज होतो आणि नखाएवढा खवला उडून पडतो. तिसऱ्या दिवशी विजेच्या ठिणगीच्या तपासणीत पहिल्या नंबरानं पास झालेली टाकी आठव्या दिवशी अशी बोलायला लागते. म्हणून दहा दिवस टाकी हलवायची नाही आणि रोज तासभर आत बसून ऐकायचं. कामगारानं नाही, घरातल्या माणसानं. याला कारखान्यात बैठक म्हणतात. रजनीनं लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं की ती सांगायची, माणसाला दहा दिवस उभं करून ऐकू देत नाहीत म्हणून.

आज सातवा दिवस होता.

मॅनहोलात पहिलं डोकं आलं ते क्षितिजचं. भावाचा मुलगा, छत्तीस वर्षांचा, पुण्यात शिकून आलेला आणि बोलणं तिकडचंच घेऊन आलेला.

"आत्या, हे काय चाललंय?"

"बैठक."

"बैठक तासाभराची असते. आणि ही टाकी आज जाणार आहे, तुला माहीत आहे. चार वाजता बडोद्याहून साकेतसाहेब सह्यांना येतायत. साडेचारला ते निघतील, नागपूरहून त्यांचं विमान आहे. आज सही झाली नाही तर त्यांचा देकार संपला. मी हे कितीवेळा सांगू?"

"एकदाच सांगतलं असतं तरी मले समजलं असतं. पान अकरा मात्र तू एकदाबी नाही सांगतलं."

क्षितिजचं डोकं क्षणभर मागे झालं. बडोद्याच्या बड्या कंपनीला कारखाना विकायचा, हे घरात दिवाळीतच ठरलं होतं, आणि रजनीनंही मान हलवली होती. कारखान्याचे भागीदार तीन: थोरला भाऊ श्रीकृष्ण, ती आणि क्षितिज. भट्टी इथंच राहील, माणसं इथंच राहतील, नाव तेवढं बदलेल. नावाचं तिला फारसं काही नव्हतं. करारनामा आला काल संध्याकाळी. सगळ्यांनी तो उघडला तो शेवटच्या पानावर. रजनी पहिल्या पानापासून वाचते, ही तिची जुनी खोड. अकराव्या पानावर लिहिलं होतं, 'भट्टीनंतरची अनावश्यक प्रतीक्षा तत्काळ बंद करण्यात येईल, व नमुना टाकी करारदिनी रवाना करून याची सुरुवात होईल.'

"अनावश्यक हा शब्द कोणाचा?" तिनं खालून विचारलं.

"त्यांच्या वकिलाचा."

"वकील कधी बसला होता का टाकीत?"

"आत्या, जगात कोणी दहा दिवस थांबत नाही. आता पोलाद चांगलं येतं. गेल्या अकरा वर्षांत एकही टाकी बोललेली नाही!"

"हाव. मीच ऐकून राह्यली होती ना अकरा वर्षं. मले सांगतं?"

"बाहेर ये. आपण बाबांसमोर बोलू."

"बाबाले इकडं पाठव. मी कुठं जाऊन नाही राह्यली."

डोकं गेलं. त्याच्या बुटांचा आवाज लोखंडी जिन्यावरून खाली उतरत गेला. रागावलेला मोहरील नेहमी टाचांवर चालतो. रजनीचे वडील बळवंतराव तसेच चालायचे.

दुसरं डोकं साडेबाराला आलं, पदर सावरत. प्रभावती वहिनी सकाळीच कळंबला जाऊन चिंतामणीला नारळ फोडून आल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या मते व्यवहार देवाच्या बाजूनं पुरा झाला होता आणि आता माणसांनी खोडा घालणं हे जरा अतीच होतं. पण वहिनी भांडायला कधी रिकाम्या हातानं येत नाहीत. त्यांनी दोरीला बांधून डबा खाली सोडला.

"रजनीताई, जेवून घ्या. वांग्याची भाजी आहे, ज्वारीची भाकर आहे."

डबा अर्ध्यावर आला आणि रजनी ओरडली, "वर घ्या, वर घ्या! स्टीलचा आहे!"

"अहो, झाकण घट्ट आहे."

"झाकणाचं काय घेऊन बसल्या, वहिनी? डबा काचेले टेकला म्हणजे? लग्न करून या घरात आल्या त्याले चाळीस वर्षं झाली ना तुम्हाले?"

"एकेचाळीस." डबा वर गेला. "आणि एकेचाळीस वर्षं मी या टाक्यांचं कौतुक ऐकून राह्यली. माझं गोधडीचं कपाट उघडून ती गोधडी नेली, तेही मले विचारलं नाही."

"तुम्ही दिली असती का?"

"जुनी दिली असती," वहिनी म्हणाल्या आणि तिथेच प्लॅटफॉर्मवर टेकल्या. आवाज खाली आणला. "खरं सांगू का? मले वाटे, विकलं म्हणजे हे तरी घरी बसतील. पासष्टीचे झाले. रात्री झोपेत भट्टीचं तापमान सांगतात. तुम्ही सही करा न, ताई. माझ्यासाठी करा."

हे मागणं खरं होतं. गेली वीस वर्षं वहिनींनी तिच्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आणि आज मागितलं ते नेमकं हे.

"दादाले घरी बसवाले माझी ना नाही, वहिनी. त्याच्यासाठी पान अकरा कायले पाह्यजे?"

वहिनी उठल्या. डबा घेऊन त्या गेल्या, पण दोरी तिथेच कठड्याला बांधून ठेवून गेल्या. ही गोष्ट रजनीनं ध्यानात ठेवली.

तळाच्या तोटीतून आवाज आला तेव्हा दीड वाजला असावा.

"ताई, हवा बराबर लागते ना?"

वाहिदभाई. भट्टीचा उस्ताद, अठ्ठावन्न वर्षांचा. वरच्या प्लॅटफॉर्मवर चढून मालकिणीशी बोलणं त्याला पटत नसे. तो टाकीच्या खाली, चार पायांच्या मधे, पाठीवर निजला होता आणि तोटीला तोंड लावून बोलत होता. त्याचा आवाज तळाशी शिरून गोल फिरत फिरत वर जाई.

"लागते. तुम्ही जेवलात?"

"जेवलो. आता मले खरं सांगा. ही टाकी खराब हाय का? माझ्या हातची हाय, म्हणून इचारतो. काही ऐकू आलं का?"

रजनीनं निळ्या भिंतीवर तळवा ठेवला. गार, गुळगुळीत, एखाद्या भरलेल्या माठासारखी.

"नाही, वाहिदभाई. टाकी चांगली आहे. मले तर वाटते, पस्तीस वर्षांतली सगळ्यात चांगली आहे."

"मग कायले बसल्या?"

"चांगल्याच टाकीसाठी बसा लागते. वाईट असली तर ती आपल्या तोंडानं सांगते. चांगली गप राहते, आणि म्हणूनच लोकाले घाई होते."

खाली वाहिद थोडा हसला. मग म्हणाला, "छोटेमालक लई गरम हायेत. क्रेनवाल्याले म्हणे, बाईसकट उचल. क्रेनवाला म्हणे, लिहून द्या." आणि परत, "अम्मीले सांगतलं मी, ताई टाकीत बसल्या म्हणून."

"जैबुनबी काय म्हणाल्या?"

"काय म्हणते? कानाशी ओरडून सांगतलं तरी तिले अर्धं समजते. पण 'टाकी' समजलं. उठून बसली."

कधीकाळी या जैबुनबीच्या कानाइतका तीक्ष्ण कान जिल्ह्यात नव्हता, हे आता तिच्या घराबाहेर दोनच माणसांना माहीत होतं. त्यातली एक टाकीत बसली होती.

दुपारी अडीचला भैरवी आली. क्षितिजची बहीण, नागपूरला असते, आणि या सोहळ्यासाठी तिनं कारखान्याचा इतिहास लिहिला होता. चाळीस पानांची स्मरणिका, गुळगुळीत कागद, सहीनंतर साकेतसाहेबांच्या हातात द्यायची. भावानं तिला आत्याला गोड बोलून काढायला पाठवलं होतं. भैरवीला गोड बोलता येत नाही, पण वाचता छान येतं. ती प्लॅटफॉर्मवर मांडी घालून बसली.

"आत्या, तुला करमत नसेल. इतिहास ऐकतेस? छापायला जायच्या आधी तू पाहिलाच नाहीस."

"वाच."

"'बांधकाम खात्यात रस्त्यांच्या एनॅमलच्या पाट्या मागवणारे एक नकाशाकार, बळवंतराव मोहरील, यांच्या मनात विचार आला, की उन्हापावसात पाटीवरचं अक्षर टिकतं, तर रसायनात टाकी का टिकू नये? एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला...'"

"खोटं. दिला नाही, बायकोच्या नावानं कारखाना काढला आणि वर्षभर दोन्हीकडे होता. पण असू दे. पुढं."

"'पहिली टाकी महागावच्या एका सरकीच्या तेलाच्या गिरणीसाठी तयार झाली. परंतु ट्रकचालकाच्या निष्काळजीपणामुळे वाटेत मोठा खड्डा लागून आतील काच तडकली. या आघातानं खचून न जाता बळवंतरावांनी...'"

"थांब."

तो एक शब्द टाकीत तीनदा फिरला. शेडमधले ग्राइंडर आज सह्यांसाठी बंद ठेवले होते. सगळं शांत होतं. रजनी उठून उभी राहिली. तिला नंतर कळलं, की उभं राहिल्यावर तिचं तोंड टाकीच्या बरोबर मध्यावर आलं होतं, आणि तिथून बोललेलं शेडच्या दारापर्यंत स्पष्ट ऐकू जातं.

"हे कुठून घेतलं?"

"आजोबांच्या पंचविसाव्या वर्षाच्या भाषणातून. त्यांच्याच अक्षरात आहे."

"त्यांच्याच अक्षरात आहे, हाव. आता माझ्या तोंडून ऐक. टाकी भट्टीतून निघून चार दिवस झाले होते. जैबुनबी तेव्हा शेडमध्ये काचेची भुकटी चाळायची. ती बाबाकडे, तुझ्या आजोबाकडे आली आणि म्हणे, साहेब, टाकी बोलून राह्यली, दोनदा बोलली. बाबा हसले. म्हणे, टाकीले तोंड आहे, दात नाही. पाचव्या दिवशी टाकी ट्रकवर चढवली. ट्रक कोणाचा? तिच्याच नवऱ्याचा, करीमचाचांचा. महागावले पोचेपर्यंत आतून शंभर ठिकाणी खवले उडालेले. गिरणीवाल्यानं टाकी परत पाठवली. बाबानं सगळ्या गावाले सांगतलं, करीमनं खड्ड्यात घातली. त्यानंतर करीमचाचाच्या गाडीत कोणी लोणच्याची बरणी ठेवेना. सहा महिन्यांत गाडी विकली त्यांनी."

भैरवीनं पान मिटलं. "मग दहा दिवसांचा नियम?"

"गाडी विकल्यावर तीन महिन्यांनी दुसरी टाकी बोलली. इथं, जाग्यावर. ना ट्रक, ना खड्डा. बाबा रात्रभर तिच्याजवळ उभे होते म्हणतात. सकाळी करीमचाचाच्या घरी गेले, त्याले भट्टीवर घेतलं, आणि नियम केला. घरच्या माणसानंच बसायचं, कारण घरच्या माणसानंच ऐकलं नव्हतं. पण खड्डा मात्र कधी बुजवला नाही. तो अजून छापून राह्यला."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"बाबा घरी चौकशी करून राह्यले, तेव्हा मी ओसरीत अभ्यास करत होती. अकरा वर्षांची. करीमचाचाच्या शेजारी ट्रकमध्ये कोण बसलं होतं, ते तुझ्या बापाले विचार."

श्रीकृष्ण मोहरील दिवसभर केबिनमध्ये होता. भांडण चालू असताना तो कधी नसतो. भांडण थकलं की येतो आणि जो कमी थकलेला असेल त्याच्या बाजूनं होतो. पंचवीस वर्षं त्यानं कारखाना याच कौशल्यावर चालवला. पण आवाज केबिनपर्यंत गेला होता. जिन्यावर जड, सावकाश पावलं वाजली, आणि भैरवी बाजूला सरकली.

त्याच वेळी खाली गाडीची दारं वाजली. साकेतसाहेब अर्धा तास आधी आले होते.

साकेत हा बोलायला अतिशय नम्र, दिसायला इस्त्रीचा माणूस. त्यानं परिस्थिती समजून घेतली, प्लॅटफॉर्मवर चढला आणि मॅनहोलाशी वाकला.

"मॅडम, नमस्कार. आपल्या भावनांचा आम्हाला आदर आहे. पण आमच्याकडे आवाज टिपणारे सेन्सर आहेत. माणसानं बसायची गरज उरलेली नाही."

"मग लावा की. दहा दिवस लावा. मी तेच म्हणून राह्यली."

"मॅडम, सेन्सर दहा दिवस लावणं परवडत नाही."

"मले परवडते," रजनी म्हणाली. "मी बसली."

क्षितिजचा संयम इथे संपला. "मी आणतो तिला बाहेर." त्यानं घड्याळ काढलं, गळ्यातली साखळी काढली, फोन बहिणीच्या हातात दिला, बूट आणि पट्टा काढला आणि मॅनहोलात पाय घातला.

"पॅन्ट!" आतून आवाज आला.

"काय?"

"तुझ्या पॅन्टीले पितळेच्या टिकल्या आहेत, चारी खिशाले. काचेवर एक ओरखडा पडला तर ही टाकी तुझ्या बडोद्यालेबी चालणार नाही. विचार साहेबाले."

साकेतनं विचारात पडून मान हलवली. नमुना त्याचाच होता.

मग जे झालं त्याची गोष्ट कळंब रोडवर पुढं बरेच दिवस सांगितली गेली. वाहिदभाईनं आपल्या कपाटातून धुतलेला नाडीचा पायजमा काढून दिला. तो क्षितिजला घोट्याच्या वर येत होता आणि कंबरेत दोन माणसं मावतील इतका होता. अशा पोशाखात, एका हातानं नाडी धरून, मोहरील एनॅमल वर्क्सचा सर्वांत धाकटा भागीदार खरेदीदारासमोर टाकीत उतरला.

"हसू नकोस," तो तळाशी येऊन म्हणाला.

"मी कुठं हसली? बस."

"मी बसायला आलेलो नाही."

"लहान होता तेव्हा इथंच माझ्या मांडीवर झोपायचा. बाहेर आला की म्हणायचा, निळं स्वप्न पडलं. बस, दोन मिनिटं बस, मग ओढून ने."

तो बसला नाही, पण त्यानं तिचा हातही धरला नाही. बाहेर ज्या गोष्टी त्याच्या बाजूनं बोलत होत्या, फोन, घड्याळ, साकेत, त्या सगळ्या वर राहिल्या होत्या.

तेव्हा तळाच्या तोटीतून वाहिद बोलला. हळू बोलला. पण तोटीतून आलेलं टाकीत हळू राहत नाही. गोल फिरून ते वर मॅनहोलातून बाहेर पडतं, आणि मॅनहोलाशी श्रीकृष्ण उभा होता.

"ताई, तुम्ही सांगतलं, बरं केलं. पण आम्हाले मालूम होतं. अब्बानं मरायच्या आधी सांगतलं होतं. खड्डा नव्हता म्हणे. वाटेत आर्णीपर्यंत बैलगाडीच्या चालीनं नेली म्हणे."

"मग तुम्ही इथं काहून राह्यले, वाहिदभाई?" हे क्षितिजनं विचारलं. वैतागात त्याच्या तोंडून घरची बोली निघाली, तेव्हा रजनीनं प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मीबी अब्बाले हेच इचारलं. तर अब्बा म्हणे, मोहरीलसाहेब तोंडानं माफी मागणारा माणूस नाही. पण दर टाकीमागं दहा दिवस कारखाना थांबवते, आणि घरचं माणूस आत बसवते. मी समजतो, तो दर टाकीले माझी माफी मागून राह्यला. नियम हाय तवर माफी हाय." मग तो म्हणाला, "मी तवापासून भट्टी सांभाळतो, छोटेमालक. नियम गेला तरी मी काही सामान उचलून जाणार नाही. फक्त अम्मीले काय सांगू, तेवढं सांगा."

क्षितिज खाली बसला. गोधडीवर नाही, उघड्या काचेवर, पायजम्याची नाडी मुठीत धरून.

रजनीनं वर पाहिलं. गोल उजेडात भावाचा चेहरा होता, उलटा, जड, गालांची कातडी खाली लोंबलेली. पन्नास वर्षांपूर्वी ओसरीत वडिलांसमोर उभा असलेला मुलगा तिला त्या चेहऱ्यात दिसेना. दिसत होता तो पासष्ट वर्षांचा माणूस, ज्याला झोपेत भट्टीचं तापमान आठवतं. झोपेत आणखी काय काय आठवत असेल, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली.

"श्रीकृष्णजी, पावणेचार झाले," वरून साकेतचा आवाज आला. "आपण सुरुवात करू या का?"

"हो. करतो," श्रीकृष्ण म्हणाला.

तो वाकला. रजनीला वाटलं, तो आत उतरणार. त्याच्या पोटाला हे मॅनहोल वीस वर्षांपूर्वीच लहान झालंय हे ती विसरली. त्यानं दोन्ही हातांनी शिडीचं वरचं टोक धरलं. शिडी हलली, चिंध्या गुंडाळलेले पाय काचेवरून अलगद उठले आणि क्षितिजच्या डोळ्यांसमोरून एकेक पायरी वर जात राहिली.

"बाबा! बाबा, काय करताय?"

शिडी बाहेर गेली. ती प्लॅटफॉर्मवर आडवी ठेवल्याचा आवाज आला.

"साकेतसाहेब," श्रीकृष्णाचा आवाज आता टाकीकडे नव्हता, पण टाकीत सगळं ऐकू येत होतं. "सह्या तिघांच्या पाह्यजेत ना? दोन भागीदार टाकीत आहेत. बैठकीला."

"पण शिडी तर आत्ता आपणच..."

"हाव. मीच काढली. आणि तिसरा भागीदार मी आहे. मी बाहेर आहे, मोकळा आहे, हातात पेन आहे, आणि मी सही करत नाही. पान अकरा काढा, तीन दिवस थांबा, मग या. मी चहा पाजतो, सही देतो."

"कंपनी थांबणार नाही, श्रीकृष्णजी. देकार आज संपतो."

"संपू द्या. टाकी थांबते. कंपनीचं कंपनीनं पाहावं."

पावलं उतरली, इस्त्रीची, नम्र, भराभर. गाडीची दारं वाजली. ट्रेलरवाल्यानं विचारलं, मी काय करू, आणि कोणीतरी त्याला सांगितलं, जेव.

"आत्या," क्षितिज हळूच म्हणाला, "हे खरंच झालं का? वर्षभर मी..."

"झालं."

"आता आपण काय करणार आहोत?"

"टाक्या."

वर भैरवी अजून बसलेली होती. तिच्या मांडीवर चाळीस गुळगुळीत पानं होती आणि ती कोणाला द्यायची ते आता राहिलं नव्हतं. श्रीकृष्ण तिच्याजवळ खुर्ची असल्यासारखा प्लॅटफॉर्मवर बसायला गेला, खुर्ची नव्हती हे लक्षात आलं आणि कठडा धरून सावकाश खाली टेकला.

"ते पान काढ," तो मुलीला म्हणाला. "महागावचं."

"काढून टाकू?"

"टाकू नको. दुरुस्त कर. लिही, खड्डा नव्हता." त्यानं बोटानं पानावरची ओळ दाखवली. "लिही, रस्ता साफ होता, करीमनं गाडी जपून चालवली, आणि आतून आवाज येत होते. लिही, त्याच्या शेजारी बसलेल्या मुलानं ते ऐकले होते. त्याले घरी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, खड्डा लागला. मुलाचं नाव लिही."

भैरवीचं पेन चालू लागलं. खाली तोटीशी निजलेल्या वाहिदच्या उठण्याचा आवाज आला, कपडे झटकल्याचा, आणि तो कोणाला तरी म्हणाला, "मी जरा घरी जाऊन येतो. अम्मीच्या कानाशी ओरडायचं हाय."

मग मॅनहोलात पुन्हा प्रभावती वहिनींचं डोकं आलं. चेहऱ्यावर, एकेचाळीस वर्षांत नवऱ्यानं पहिल्यांदाच कोणाला सरळ नाही म्हटलं आणि ते नेमकं आजच, असा भाव होता. राग होता, आणि रागाखाली काहीतरी होतं जे त्यांना स्वतःलाच अजून नीट पाहायचं होतं. कठड्याची दोरी त्यांनी सोडली. खाली आलं ते सुती धडप्याचं गाठोडं. आत चार भाकरी, केळीच्या पानात वांग्याची भाजी, एक कांदा, तोही घरूनच चिरून आणलेला. डबा नाही, वाटी नाही, चमचा नाही.

"दोघांचं आहे," वहिनी म्हणाल्या. "आणि रजनीताई, गोधडी परत करताना धुऊन द्या."

क्षितिजनं भाकर मोडली. सकाळपासून त्यानंही काही खाल्लं नव्हतं. त्यानं कांद्याची फोड तोंडात टाकली आणि ती दातांखाली कर्रकन फुटली. निळ्या भिंतींवरून तो आवाज गोल फिरून वर गेला.

रजनीनं त्याच्या गुडघ्यावर चापट मारली.

"हळू चाव न रे. ऐकू नाही येऊन राह्यलं."